‘त्यांनी जपलं, आपण घालवलं’ : एका लाडक्या वाक्याची उलटतपासणी (दीर्घ धागा)

१/
ताथवड्यातल्या कोणत्याही उंच सोसायटीत जून उजाडला की हे वाक्य ऐकू येते. युरोपची सहल करून परतलेले कुटुंब शेजाऱ्यांच्या हातावर चॉकलेट ठेवते, फ्लॉरेन्स, व्हेनिस, लिस्बनचे फोटो दाखवते आणि सुस्कारा टाकून म्हणते, ‘बघा, त्यांनी कसं जपलंय सगळं. आपण मात्र घालवलं.’ ऐकणारे माना डोलावतात आणि विषय संपतो. या धाग्यात त्या वाक्याची उलटतपासणी आहे. त्याचा पूर्वार्ध निम्मा खोटा आहे आणि उत्तरार्ध बोलणाऱ्याच्या सोयीचा आहे.

२/
हा सहलींवरचा हल्ला नव्हे. हिंजवडीत वर्षानुवर्षे खपून किंवा चाकणच्या कारखान्यांत जर्मन बनावटीच्या मोटारी जोडून ज्यांनी पैसा साठवला, त्यांनी जर्मनी पाहू नये असे म्हणणारा माणूस अरसिक तरी असेल किंवा मत्सरी तरी. दहा दिवसांत सात देश पाहणाऱ्यांची टिंगल करण्याची एक खास पुणेरी पद्धत आहे. तिचाही येथे उपयोग नाही. आक्षेप पाहण्याला नाही, पाहून काढलेल्या निष्कर्षाला आहे.

३/
आरंभ फ्लॉरेन्सपासून करणे योग्य, कारण त्या शहराच्या मातीत एक मराठी राख मिसळलेली आहे. शहराच्या पश्चिम टोकाला आर्नो नदीच्या काठाने कास्चिने नावाचे लांबलचक उद्यान पसरले आहे. उद्यान संपते तेथे मुन्योने हा लहान प्रवाह आर्नोला मिळतो. त्या संगमाजवळ एक छत्री उभी आहे आणि छत्रीखाली भारतीय पोशाखातल्या एका कोवळ्या तरुणाचा रंगीत अर्धपुतळा. फ्लॉरेन्सकर त्याला नुसते ‘इंदियानो’ म्हणतात, म्हणजे ‘हिंदी माणूस’. १९७८ मध्ये जवळच पूर्ण झालेल्या मोठ्या पुलालाही त्याचेच नाव मिळाले. तो तरुण म्हणजे करवीरचे छत्रपती राजाराम महाराज.

४/
महाराजांचा जन्म १८५० चा. १८६६ मध्ये ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले. १८७० मध्ये ते इंग्लंडला गेले, राणी व्हिक्टोरियाला भेटले, पार्लमेंटचे कामकाज पाहिले आणि पाहिलेले रोजच्या रोज इंग्रजीत टिपून ठेवले. परतीच्या वाटेवर प्रकृती ढासळली आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये त्यांचा अंत झाला. वय अवघे वीस. दहनाचा विधी त्या शहराला अपरिचित होता. विशेष परवानगी काढावी लागली, आणि दोन प्रवाहांचा संगम शोधून तेथे चिता रचली गेली. त्यांची रोजनिशी सोबतचे अधिकारी कॅप्टन वेस्ट यांनी १८७२ मध्ये लंडनमध्ये छापून प्रसिद्ध केली. छत्री १८७४ ची. तिची आखणी चार्ल्स मँट या लष्करी अभियंत्याची. कोल्हापूरचा नवा राजवाडा ज्याने पुढे आखला तोच हा मँट.

५/
मराठी सहलींच्या बसगाड्या कास्चिनेकडे सहसा वळत नाहीत. त्या थांबतात मायकेलँजेलोच्या नावाच्या उंच चौकात, कारण तेथून सगळे शहर एका फोटोत मावते. खाली पसरलेल्या लाल कौलांकडे बोट दाखवून मार्गदर्शक सांगतो की हे पाचशे वर्षांपूर्वीचे शहर जसेच्या तसे राखले आहे. गंमत अशी की ज्या चौकात उभे राहून हे सांगितले जाते, तो चौकच १८६९ मध्ये बांधायला घेतलेला आहे. आणि ज्या योजनेतून तो जन्मला त्याच योजनेने फ्लॉरेन्सचा तट जमीनदोस्त केला.

६/
ही गोष्ट सविस्तर सांगण्याजोगी आहे. १८६५ ते १८७१ या काळात फ्लॉरेन्स ही नव्या इटलीची राजधानी होती. राजधानीला रुंद रस्ते हवेत, नोकरशाहीला घरे हवीत. म्हणून जुझेप्पे पोज्जी या वास्तुशास्त्रज्ञाकडे शहर ‘आधुनिक’ करण्याचे काम सोपवले गेले. नदीच्या उत्तरेकडचा मध्ययुगीन तट त्याने पाडून टाकला आणि त्या जागी वर्तुळाकार रस्ता काढला. जुन्या वेशींपैकी काही तेवढ्या राखल्या. त्या आज वाहतुकीच्या मध्ये बेटासारख्या एकाकी उभ्या आहेत. वेस आहे, पण ती ज्या भिंतीची वेस होती ती भिंत नाही. राजाराम महाराजांनी अखेरचा श्वास घेतला ते शहर म्हणजे आपलाच तट फोडून रस्तारुंदी करणारे शहर होते. पिंपरी-चिंचवडकराला ते दृश्य मुळीच परके वाटले नसते.

७/
तेवढ्यावर भागले नाही. शहराच्या ऐन मध्यावर जुना बाजार होता. रोमन काळातल्या मुख्य चौकाच्या जागी शतकानुशतके भरत आलेला, दाटीवाटीचा, शेजारी ज्यूंची जुनी वस्ती असलेला. १८८५ नंतरच्या दशकात तो सगळा परिसर उखडला गेला: घरे, बुरूज, चर्च, गल्ल्या. त्या जागी आजचा प्रशस्त प्रजासत्ताक चौक आला. चौकातल्या भव्य कमानीवर कोरलेला लेख मोठ्या अभिमानाने सांगतो की शहराचे प्राचीन केंद्र शतकांच्या घाणीतून सोडवून नव्या जीवनाला परत दिले. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या फलकावर शोभेल अशी ही भाषा आहे. तिच्यात पश्चात्तापाचा लवलेश नाही. सहलीतले लोक याच कमानीखाली कॉफी पितात.

८/
मग जे उरले ते १९४४ च्या ऑगस्टमध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने उडवले. जुना पूल, म्हणजे पोन्ते वेक्यो, तेवढा वाचला. आर्नोवरचे शहरातले बाकीचे पूल सुरुंगाने गेले. आज ज्याची डौलदार कमान पाहून लोक थबकतात तो सांता त्रिनिता पूल १९५८ मध्ये पुन्हा उभारलेला आहे, नदीतून वर काढलेल्या जुन्या दगडांसह. त्यावरच्या वसंतदेवतेच्या पुतळ्याचे डोके सापडत नव्हते. ते १९६१ मध्ये नदीच्या तळाशी मिळाले आणि परत धडावर बसवले गेले.

९/
फ्लॉरेन्स अपवाद नाही. वॉर्सा शहराचा जुना भाग महायुद्धात जवळजवळ सपाट झाला होता. आज दिसतो तो युद्धानंतर उभा केलेला. अठराव्या शतकात बेलोत्तो या चित्रकाराने काढलेली शहराची चित्रे त्या कामी आधाराला घेतली गेली. युनेस्कोने १९८० मध्ये त्याला जागतिक वारसा ठरवले ते पुनर्बांधणीच्या असामान्यतेसाठीच. व्हेनिसच्या सेंट मार्क चौकातला घंटामनोरा १४ जुलै १९०२ रोजी स्वतःहून कोसळला. आजचा मनोरा १९१२ चा आहे. म्हणजे अनेक पर्यटकांच्या ‘हजार वर्षांच्या’ मनोऱ्यापेक्षा मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस वयाने वडील आहे.

१०/
पण सर्वांत बोलके उदाहरण दक्षिण फ्रान्समधल्या कार्कासोन या तटबंद गावाचे. दुहेरी तट, डझनावारी बुरूज, त्यांवर शंकूसारखी छपरे. परीकथेतले गाव म्हणून जगभर त्याची चित्रे फिरतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्या किल्ल्याची अवस्था काय होती? लष्कराला त्याचा उपयोग उरला नव्हता. दोन तटांच्या मधल्या जागेत गरीब विणकरांनी घरे बांधली होती. तटाचे दगड लोक बांधकामाला नेत होते. आणि सरकारने तट पाडण्याच्या दिशेने निर्णयही घेतला होता.

११/
तो निर्णय फिरवला गेला, त्यामागे झां-पियेर क्रो-मेरव्हिएय नावाचा एक स्थानिक इतिहासप्रेमी होता. पॅरिसचा मंत्री नव्हे, सेनापती नव्हे. त्याने आधी गावातल्या जुन्या चर्चमधली एका बिशपची विसरलेली समाधी उजेडात आणली, मग तटासाठी आवाज उठवला. स्मारकांचे निरीक्षक असलेले लेखक प्रॉस्पर मेरिमे यांचे बळ त्याला मिळाले. १८५३ पासून वास्तुतज्ज्ञ व्हिओले-ल-द्यूक यांनी डागडुजी आरंभली आणि ती त्यांच्या मृत्यूनंतरही दशकानुदशके चालली. टोकदार निळसर छपरे ही त्यांची कल्पना. दक्षिणेत अशी छपरे नव्हतीच, असा आक्षेप तेव्हाही होता आणि आजही आहे. तटांमधले विणकर अर्थातच हलवले गेले. त्यांचे फोटो कोणी काढत नाही.

१२/
ब्रसेल्सने आपले जुने भाग इतक्या बेपर्वाईने पाडले की नियोजनशून्य मोडतोडीला त्या शहराच्याच नावावरून शब्द पडला. पॅरिसने ले आल हा लोखंडी मंडपांचा विख्यात बाजार १९७१ मध्ये मोडीत काढला. अ‍ॅम्स्टरडॅममध्ये भुयारी रेल्वेसाठी न्यूमार्केटची घरे पाडायला यंत्रे आली तेव्हा, १९७५ मध्ये, रहिवासी आणि पोलीस यांच्यात रस्त्यावर झटापट झाली. त्या भागातून नियोजित महामार्ग जाऊ शकला नाही, म्हणून आज तिथल्या कालव्याकाठी सहलीतले लोक निवांत चालतात.

१३/
तेव्हा ‘त्यांनी जपलं’ या वाक्यातले ‘ते’ कोण? पाडणारेही तेच होते. युरोपीय माणसाच्या रक्तात वारसाप्रेम असते आणि मराठी माणसाच्या रक्तात नसते, ही समजूत इतिहासाच्या कसोटीवर एक मिनिटही टिकत नाही. तेथे काही ठिकाणी काही लोक भांडले, हरले, पुन्हा भांडले. मग कायदे आले, कायद्यांमागे पैसा आला. फ्रान्सचा १९६२ चा मालरो कायदा घ्या. एकेकटी इमारत न धरता जुन्या वस्तीचा सबंध विभाग संरक्षित करण्याची सोय त्याने केली, आणि पुढे अशा विभागात घर दुरुस्त करणाऱ्या मालकाला करसवलतही मिळू लागली. दुरुस्ती परवडली म्हणून घरे राहिली.

१४/
आता उत्तरार्ध. ‘आपण घालवलं.’ पुण्याचे वाडे का गेले, हा प्रश्न या संदर्भात विचारणे आवश्यक आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी जवळजवळ गोठवली. त्यामागचा हेतू गरीब भाडेकरूला छप्पर मिळावे हा होता आणि तो हेतू वाईट नव्हता. परंतु पाच बिऱ्हाडांचे मिळून आलेले भाडे एका वाशाच्या दुरुस्तीलाही पुरेना. इकडे मालकांच्या वारसांची संख्या पिढीगणिक वाढली. तिकडे चटईक्षेत्राचे भाव वाढले. ही गोठवणूक अन्यायकारक झाली आहे असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये म्हटले आणि नवा भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा आला. तोवर पन्नास वर्षे उलटली होती. बांधकाम व्यावसायिकाची वाट न पाहणारा वाडेमालक हुडकावा लागत होता.

१५/
किल्ल्यांची कथा त्याहून जुनी. १८१८ नंतर कंपनी सरकारने सह्याद्रीतल्या अनेक किल्ल्यांच्या वाटा, दरवाजे, तट ठरवून उद्ध्वस्त केले, कारण बंड करणाऱ्यांना आसरा मिळू नये. कित्येक गडांवर कातळात खोदलेल्या पायऱ्यांच्या जागी आज जो तुटका कडा दिसतो तो काळाने तोडलेला नाही. तो सुरुंगाने तोडलेला आहे. त्याच सत्तेने पुढे १९०४ मध्ये प्राचीन स्मारक संरक्षणाचा कायदा केला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही एकत्र ध्यानात ठेवाव्या लागतात.

१६/
याचा अर्थ ‘आपण’ निर्दोष आहोत असा नव्हे. यादवकाळातल्या मंदिराच्या खांबांना ऑइलपेंट फासणारे हात कंपनी सरकारचे नव्हते. जीर्णोद्धाराच्या नावाखाली कोरीव दगडावर चकचकीत फरशी बसवणारे विश्वस्त, शिलालेखावर चुना देणारे उत्साही भक्त, बुरुजावर बदामात नाव कोरणारे प्रेमवीर ही सगळी स्वदेशी मंडळी आहेत. पण यांना ‘आपली संस्कृतीच तशी’ म्हणून सोडून देता येत नाही. विश्वस्तांना नाव असते, सभेची तारीख असते, ठराव असतो. संस्कृतीला यांपैकी काहीच नसते, म्हणून तिच्यावर खापर फोडणे सोपे जाते.

१७/
आता विरुद्ध टोकाच्या मंडळींकडे. ‘युरोपात काय आहे? सगळा आपल्या लुटीचा पैसा!’ असा संदेश याच सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात त्याच संध्याकाळी येतो. त्यात तथ्याचा एक कण आहे. लिस्बनच्या बेलें भागातला जेरोनिमोस मठ पाहून पर्यटक दिपून जातात. आफ्रिका आणि पूर्वेकडच्या व्यापारावर बसवलेल्या पाच टक्के करातून तो उभा राहिला. पोर्तुगीज परवान्यावाचून अरबी समुद्रात जहाज हाकणाऱ्याचे जहाज जप्त होई. त्या परवान्याला कार्ताझ म्हणत. चौल, दाभोळ, वसईच्या बंदरांनी तो जाच सोसला. पण पोन्ते वेक्यो काही कोकणच्या मिऱ्यांवर बांधलेला नाही. फ्लॉरेन्सच्या सावकारांनी आणि विणकरांनी आपले वैभव वास्को द गामाच्या आधीच कमावले होते. ‘सगळी लूट’ म्हणणाऱ्याला ‘सगळे जपले’ म्हणणाऱ्याइतकाच इतिहास नकोसा असतो.

१८/
देवाणघेवाणीची खरी कथा या दोन्ही घोषणांहून चमत्कारिक आहे. १५१४ मध्ये गुजरातच्या सुलतान मुजफ्फरशाहने पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कला एक गेंडा भेट दिला. मे १५१५ मध्ये तो लिस्बनला पोहोचला. रोमन काळानंतर युरोपने पाहिलेला हा पहिला जिवंत गेंडा. जर्मन चित्रकार ड्यूररने तो न पाहताच, वर्णनावरून, चिलखत घातल्यासारखा रेखाटला आणि ते चित्र अडीच शतके प्रमाण मानले गेले. पोर्तुगालच्या राजाने गेंडा पोपकडे पाठवला. वाटेत, १५१६ च्या आरंभी, इटलीच्या पोर्तोव्हेनेरे या गावाजवळ जहाज बुडाले आणि साखळदंडाने बांधलेला तो जीव बुडून मेला. पोर्तोव्हेनेरे आज रंगीत घरांचे, मासळीच्या जेवणाचे, फोटोंसाठी प्रसिद्ध असे किनाऱ्यावरचे गोजिरे गाव आहे. लिस्बनच्या बेलें बुरुजाच्या एका कोपऱ्यात, मनोऱ्याच्या पायाशी, झिजलेले गेंड्याचे डोके अजून दिसते.

१९/
उलट दिशेचाही प्रवासी आहे. त्वेर शहराचा रशियन व्यापारी अफनासी निकितिन १४७० च्या आसपास चौलला उतरला, घाट चढून जुन्नरला आला आणि पावसाळाभर तेथे अडकला. चिखल आणि न थांबणारा पाऊस त्याने नोंदवला. लोक आपल्या गोऱ्या रंगाकडे टक लावून पाहतात, असेही लिहिले. त्याचा घोडा जुन्नरच्या सुभेदाराने काढून घेतला आणि धर्म बदललास तर परत देतो म्हणाला. एका खुरासाणी गृहस्थाच्या मध्यस्थीने तो सुटला. निकितिनही रशियाला परतताना वाटेतच वारला. त्याची टिपणे मागे उरली. (१९५७ चा ‘परदेसी’ हा हिंदी-सोव्हिएत चित्रपट याच माणसावर आहे.) रेवदंड्यात त्याचे स्मारक आहे. टॉलेमीपासून अरब लेखकांपर्यंत सर्वांना ठाऊक असलेल्या चौलच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांत आणि रेवदंड्याच्या पोर्तुगीज तटाच्या भेगाळलेल्या कमानींत शनिवार-रविवारी गर्दी असते ती बहुतांशी समुद्रासाठी.

२०/
ताथवड्याहून युरोपला निघालेली गाडी किवळ्याला द्रुतगती महामार्गाला लागते आणि मुंबईच्या विमानतळाकडे धावू लागते. मळवलीजवळ एका बाजूला लोहगड-विसापूर आणि भाजे, दुसऱ्या बाजूच्या डोंगरात कार्ले. कार्ल्याचे चैत्यगृह सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे. पंचेचाळीस मीटरच्या आसपास लांब, एका अखंड डोंगरात कोरलेले. छताला लाकडी कमानी बसवल्या आहेत आणि त्या मूळच्याच मानल्या जातात. पॅरिसच्या नोत्र दामचे मध्ययुगीन लाकडी छप्पर १५ एप्रिल २०१९ रोजी जळाले तेव्हा सगळे जग हळहळले, आणि हळहळणे योग्यच होते. कार्ल्याचे लाकूड त्याहून हजार वर्षांनी जुने आहे आणि ते अजून जागेवर आहे.

२१/
त्याच चैत्यगृहाच्या खांबांवर ब्राह्मी लिपीत दात्यांची नावे आहेत. त्यांतले कित्येक स्वतःला ‘यवन’ म्हणवतात आणि धेनुकाकट या गावचे रहिवासी सांगतात. यवन म्हणजे मुळात ग्रीक. पुढे पश्चिमेकडून आलेल्या कोणालाही हा शब्द लागू झाला. नावे मात्र बरीचशी भारतीय वळणाची आहेत, म्हणजे हे लोक येथे चांगलेच रुळलेले होते. किनाऱ्यावरची बंदरे, बोरघाट, वर पठार, हा त्यांचा व्यापाराचा रस्ता. दुसऱ्या एका लेखात वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल म्हणतो की जंबुद्वीपात याहून उत्तम शैलगृह नाही. आजची गाडी त्याच घाटातून, त्याच बंदराच्या दिशेने जाते. फरक इतकाच की ती येथे थांबत नाही.

२२/
‘घालवलं’ म्हणणाऱ्याने हे सगळे पाहिलेले नसते, ही खरी अडचण आहे. जे उभे आहे ते मोजायचे नाही आणि जे पडले त्याचे कारण शोधायचे नाही, मग सुस्कारा टाकायला मोकळीक मिळते. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. लोहगड त्यांत आहे. बातमी आली त्या दिवशी अभिमानाचे संदेश आले. दुसऱ्या दिवशी लोहगडाच्या पायथ्याशी वाहने कोठे उभी करणार, कचरा कोण उचलणार, टाक्यांतले पाणी कोण तपासणार हे प्रश्न होते तेथेच होते.

२३/
आणि चाकण. कारखान्यांच्या पट्ट्यात रोज जा-ये करणाऱ्या किती जणांना ठाऊक आहे की तेथे एक भुईकोट आहे? संग्रामदुर्ग. १६६० च्या पावसाळ्यात शाहिस्तेखानाच्या अफाट फौजेपुढे फिरंगोजी नरसाळा यांनी तो सुमारे दोन महिने झुंजवला. अखेर भुयार खणून बुरूज उडवला गेला तेव्हाच किल्ला पडला. डोंगराचा आधार नाही, कडा नाही. होता तो खंदक, तट आणि माणसे. आज तटाचे काही भाग, बुरूज, खंदकाच्या खुणा उरल्या आहेत आणि गाव त्यांच्या अंगाखांद्यावर वाढले आहे. कार्कासोन १८५० मध्ये याहून फारसे वेगळे दिसत नव्हते. उपयोग संपलेला तट, त्यात वस्ती, दगड नेणारे लोक, यादी तीच.

२४/
कोणी म्हणेल, मग चाकणचे कार्कासोन करा. वस्ती हलवा, तट चकचकीत करा, तिकीट लावा. तेही नको. व्हेनिसच्या मूळ शहरात पन्नास हजारही रहिवासी उरलेले नाहीत, आणि एप्रिल २०२४ पासून ठरावीक दिवशी तेथे दिवसाच्या फेरीसाठी जाणाऱ्याला पाच युरो प्रवेशशुल्क पडू लागले. शहरात शिरायला तिकीट लागू लागले की ते शहर उरते का, हा प्रश्न व्हेनिसकरच विचारीत आहेत. बार्सेलोनात जुलै २०२४ मध्ये रहिवाशांनी पर्यटकांवर पिचकाऱ्यांनी पाणी उडवले. फ्लॉरेन्सने जुन्या भागात पर्यटकांना नव्याने घरे भाड्याने देण्यावर २०२३ मध्ये बंदी घातली, कारण स्थानिकांना भाड्याने घर मिळेनासे झाले. चिंचवडचे मोरया गोसावींचे समाधिमंदिर या बाबतीत कितीतरी भाग्यवान आहे. पावसाळ्यात पवनेचे पाणी आत शिरते, पाणी ओसरते, गाळ उपसला जातो, पूजा चालू राहते. तेथे रोज येणारी माणसे शेजारच्या गल्लीतली आहेत.

२५/
१९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यानुसार विकास आराखड्याचे प्रारूप प्रसिद्ध करून नागरिकांच्या हरकती व सूचना मागवाव्याच लागतात. २०२० च्या एकीकृत विकास नियंत्रण नियमावलीत वारसा वास्तूंची यादी, त्यांच्या श्रेणी आणि राखणाऱ्या मालकाला हस्तांतरणीय विकास हक्क देण्याची तरतूद आहे. ताथवडे २००९ मध्ये महापालिकेत आले, चाकणला स्वतंत्र नगरपरिषद आहे. दोन्हीकडे जुने गावठाण आहे, आणि गावठाणात मारुतीचे देऊळ, वीरगळ, बारव, चावडी यांपैकी काही ना काही उभे असण्याची शक्यता असते. ते यादीत नसेल तर ते आराखड्याच्या नकाशावरही नसते, आणि नकाशावर नसलेल्या वास्तूवरून रस्ता आखला जातो तेव्हा आखणाऱ्याला ती दिसतही नाही. हरकतीचा अर्ज साध्या कागदावर, मराठीत, गट क्रमांक आणि वास्तूचा फोटो जोडून देता येतो.